खव्याचं पहिलं बोट

आमच्या भट्टीवर खवा झाला की नाही हे घड्याळ ठरवत नाही, आबा ठरवत नाहीत आणि मी तर मुळीच ठरवत नाही. ते माझी मुलगी ठरवते. कढई उतरायच्या आधी खव्याचं पहिलं बोट घरच्या लेकीनं चाखायचं, ती ‘हां’ म्हणाली की मगच कढई खाली घ्यायची, ही आमच्या घरची चाल. भूम तालुक्यात शेती पावसावर आणि घर म्हशींवर चालतं. गावागणिक खव्याच्या भट्ट्या आहेत. पण आमचा खवा तुळजापूरच्या पेढेवाल्याकडं वर्षानुवर्षं जातोय तो या एका बोटाच्या जोरावर.

मी लग्न होऊन आले तेव्हा हे काम नणंदेकडं होतं. ती नांदायला गेली आणि घरात दुसरी लेक नव्हती म्हणून नाइलाजानं ते बोट माझ्याकडं आलं. त्या काळात पेढेवाल्यानं दोनदा खवा परत पाठवला. मला सगळाच खवा चांगला लागतो, हा माझा दोष, आणि तो माझ्या कमरेवर लांबूनही वाचता येतो. मग मुलगी झाली. बोलायला लागल्यावर एकदा सासऱ्यांच्या मांडीवर बसून तिनं खवा चाखला आणि नाक मुरडून म्हणाली, कडू. सासऱ्यांना, म्हणजे घरात सगळे ज्यांना आबा म्हणतात त्यांना, काही कडू लागेना. कढई खरवडून बघितली तर तळाला काळा थर. त्या दिवसापासून आबांनी भट्टीवर दुसऱ्या कुणाच्या जिभेवर विश्वास ठेवला नाही. म्हशीनं सरकी खाल्ली की कडबा, हेसुद्धा पोरगी खव्यावरून सांगायची. बारावीनंतर दूध-दुभत्याचा कोर्स करायचा आणि परत येऊन भट्टी हातात घ्यायची, हे तिनं शाळेत असतानाच जाहीर केलेलं. तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं.

पोरगी अंगानं भरलेली. अशा मुलीला लोक कौतुकानं ‘खात्यापित्या घरची’ म्हणतात, आणि आमचं तर घरच खाण्यापिण्याचं. मला काळजी होती ती वेगळीच. अकरावीपासून तिच्या मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा दिसायला लागला होता. मी ठरवून टाकलं की ही नीट अंघोळ करत नाही. आधी बेसन आणि दही लावलं, मग लिंबू चोळलं, आणि तरीही पट्टा हलेना तेव्हा मी टाचा घासायची वज्री आणली.

‘‘आई, मान हाय ती,’’ पोरगी म्हणाली. ‘‘टाच न्हाय.’’

मान लाल झाली, पट्टा काळाच राहिला. शेवटी मी हार मानून तिला धाराशिवला चामडीच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. मनात हिशोब असा, की एखादं मलम मिळेल आणि येताना बाजारही होईल. डॉक्टरांनी मानेकडं जेमतेम बघितलं. मग विचारत बसले, की तहान लई लागते का, लघवीला सारखं उठावं लागतं का, घरात कुणाला शुगर आहे का. नणंदेला होती, माझ्या आईला होती. मला राग यायला लागला. मी मान दाखवायला आणली होती आणि हे खानदान तपासत होते. त्याच गल्लीत रक्त तपासायला पाठवलं. आकडा आला तेव्हा मी तिथल्या माणसाला म्हणाले, मशीन बिघडलं असेल, परत बघा. त्यानं बिचाऱ्यानं परत बघितलं. मशीन ठणठणीत होतं.

शुगर म्हणजे आमच्याकडं साठीनंतरची गोष्ट, पेन्शनसारखी. सतरा वर्षांच्या पोरीला ती कशी होईल? चामडीच्या डॉक्टरांनी पुढं ज्यांच्याकडं पाठवलं त्या शुगरच्या डॉक्टरीणबाईंनी मला हेच तर समजावून सांगितलं. मानेवरचा तो पट्टा मळ नव्हता. वजन वाढलं की अंगात इन्सुलिन भरपूर तयार होतं, पण शरीर त्याचं ऐकेनासं होतं. मग ते आणखी तयार होतं, आणि त्याच्यानंच चामडी अशी जाड, काळी पडते. मला ते माझ्या भाषेत पटलं. ओलं लाकूड भट्टीत कितीही कोंबा, घरभर धूर होतो आणि कढईला आच लागत नाही. माझी पोरगी आतून अशी धुमसत होती आणि मी बाहेरून वज्रीनं भिंत घासत होते.

तरी मी एक शेवटचा प्रयत्न केला. ‘‘मॅडम, आमच्या खव्यात साखर नसते,’’ मी अभिमानानं सांगितलं.

त्यांनी मला नाही, पोरीला विचारलं, की किलोभर खव्याला दूध किती लागतं. पोरीनं पटकन सांगितलं, पाचेक लिटर, म्हशीचं असलं तर जरा कमी. म्हणजे बोटभर खव्यात अर्धा कप दूध, साय आणि तूप सगळं आटून बसलेलं. आणि दिवसाला कढया किती उतरतात? पोरगी बोटांवर मोजायला लागली, एक हात संपला, दुसरा संपला, मग तिनं माझ्याकडं बघितलं. सणासुदीला तर मलाही मोजता यायचं नाही.

पण त्यांनी एकट्या खव्याला फासावर चढवलं नाही. क्लासला मोटारसायकलवरून जाणं, क्लाससमोरचा वडापाव, थंड बाटली, मोबाइल बघत जागणं, बसून राहणं, आणि घराण्यातून आलेली शुगर, या सगळ्यांनी मिळून कढई चढवली होती. साखर फार वर होती म्हणून सुरुवातीला रोज एक इन्सुलिन आणि जोडीला गोळ्या. साखर खाली आली, वजन थोडं उतरलं, तर इन्सुलिन थांबवताही येईल. नाही थांबलं तरी तो पोरीचा गुन्हा नाही, हे त्यांनी माझ्याकडं बघून दोनदा सांगितलं. माझा चेहराच तसा असावा. आणि बदल करायचा तो अख्ख्या घरानं, एकटीला वेगळं ताट वाढायचं नाही.

पोरीच्या मनात वेगळंच होतं. तिनं एकच विचारलं.

‘‘मॅडम, मग मी खवा चाखायचा न्हाय का?’’

बाईंनी विचार केला. ‘‘चाख की. गिळू नकोस. चहा चाखणारी माणसं असतात, ती घोट घेतात, चव बघतात आणि थुंकून टाकतात.’’

पोरीचा चेहरा उजळला. माझ्या डोळ्यांपुढं मात्र घरी बसलेले आबा आले.

आबांनी शुगरची बातमी शांतपणे ऐकली. इन्सुलिनचंही ऐकून घेतलं. थुंकायचं ऐकल्यावर मात्र बाजेवरून उठून उभे राहिले. ‘‘देवीच्या पेढ्याचा खवा,’’ ते म्हणाले, ‘‘थुंकायचा?’’ आमच्या भट्टीपुढं कधी कुणी तंबाखूही थुंकली नव्हती. दूध उतू गेलं तरी आबा हात जोडतात. पोरीवर त्यांचा जीव, त्यामुळं त्यांनी तिथल्या तिथं दुसरा उपाय काढला. त्यापेक्षा पोरीनं भट्टीच्या उंबऱ्याच्या आतच यायचं नाही. समोर खवा नसला तर खाणारही नाही, थुंकणारही नाही.

‘‘आबा,’’ पोरगी म्हणाली, ‘‘मला शुगर झालीया. जीभ न्हाय गेली माजी.’’

आबा म्हणाले, जीव राहिला तर जिभेचं बघू. पोरगी आत गेली आणि दार लावून घेतलं. रक्त काढायला सुई टोचली तेव्हा ती रडली नव्हती, ती त्या संध्याकाळी रडली. सकाळी मात्र डोळे पुसून आबांपुढं येऊन बसली आणि सौदा मांडला. तीन महिन्यांनी जी साखर तपासतात, मागच्या सगळ्या दिवसांचा अंदाज देणारी, ती नवरात्राच्या तोंडावर होणार होती. ती सातच्या खाली आली तर ती भट्टीत येणार आणि थुंकणार. नाही आली तर पुन्हा विषय काढणार नाही.

तेव्हा आकडा दहाच्या वर होता. आबांना वाटलं, एवढी कशाला उतरते. ‘‘ठरलं,’’ ते म्हणाले.

आणि मग आमच्या घरात जे सुरू झालं ते निवडणुकीतही होत नाही. इन्सुलिनचं पहिलं पेन मी हातात घेतलं आणि मीच खाली बसले. पोरीनं मला पाणी दिलं, पेन घेतलं आणि स्वतःच्या पोटाला स्वतः टोचलं. ताटात अर्धी जागा भाजीला आली. शेपू, मटकीची उसळ, काकडी, आणि ज्वारीची भाकरी मोजकी. आबांनी पहिल्या दिवशी ताटाकडं बघून विचारलं, ‘‘मला बी शुगर झाली का?’’ पण खाल्लं. नवऱ्यानं मोटारसायकलची किल्ली लपवली आणि पोरगी स्टँडपर्यंत चालत जायला लागली. उपवासाची साबुदाण्याची खिचडी, जिला मी आजवर पुण्य समजून दोनदा वाढून घेत होते, तीही गेली.

खरी मजा फिरायला जाण्याची. संध्याकाळी मी आणि पोरगी फाट्याच्या रस्त्यानं निघायचो. आमच्याकडं बाई कामाशिवाय चालत नाही, त्यामुळं येणारी प्रत्येक गाडी थांबायची. वहिनी, गाडी बंद पडली का? कुठं सोडू? दूधवाला थांबला, ट्रॅक्टर थांबला, एकदा तर ट्रॉलीत खुरपणीच्या बायका होत्या, त्यांनी सरकून जागाही केली. नको म्हटलं की लोकांना वेगळाच संशय. चौथ्या का पाचव्या दिवशी उमरग्याहून माझ्या भावाचा फोन आला. आवाज खाली घेऊन म्हणाला, ‘‘ताई, तू रुसून निघालीस म्हणं. दाजींशी बोलू का?’’

त्यावर तोड पोरीनंच काढली. दुसऱ्या दिवशी तिनं दोन रिकाम्या किटल्या घेतल्या, एक माझ्या हातात दिली. दूध आणायला निघालेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. गाव शांत झालं. रिकामी किटली हलवत आम्ही रोज फाट्यापर्यंत जाऊन यायचो, आणि इतक्या दिवसांत एकानंही विचारलं नाही की ज्यांच्या दारात अख्ख्या गावाचं दूध येतं त्या दूध आणायला कुठं जातात.

सगळंच काही हसण्यावारी गेलं नाही. आकडा खाली आणायच्या भरात मी डॉक्टरांपेक्षा शहाणी झाले. एका दुपारी मी माझ्या मनानं तिची भाकरी अर्धी केली आणि संध्याकाळी तिला तसंच चालायला नेलं. माळावर पोचलो आणि तिचे हात थरथरायला लागले. घाम फुटला, बोलणं अडखळायला लागलं. साखर खाली गेली होती, फार खाली. मी तिला रस्त्याच्या कडेला बसवलं आणि पर्स उपसली. त्यात कागदात गुंडाळलेला एक पेढा निघाला. तो माझा होता. फाट्यावरून परत फिरताना, पोरगी पुढं गेली की, मी रोज एक खायचे. तो मी तिच्या तोंडात घातला आणि एका दुचाकीवाल्याकडून पाणी घेतलं. त्या दिवशी गाड्या थांबतात याबद्दल मी मनातल्या मनात प्रत्येकाचे पाय धरले. थोड्या वेळानं तिच्या तोंडावर रंग आला. तिनं पहिली गोष्ट विचारली ती अशी, ‘‘आई, तुझ्या पर्समधी पेढा कसा?’’

डॉक्टरीणबाईंनी फोनवर मला चांगलंच फैलावर घेतलं. इन्सुलिन चालू असताना जेवण आपल्या मनानं कापायचं नाही. आणि अशा वेळी साखर किंवा ग्लुकोजची पूड द्यायची. पेढ्यातल्या तुपानं साखर हळू चढते, तो कामाचा नाही. तेव्हापासून पोरीच्या खिशात ग्लुकोज आणि माझी पर्स रोज तपासायचा तिला अधिकार.

इकडं भट्टीवर पहिलं बोट पुन्हा माझ्याकडं आलेलं. व्हायचं तेच झालं. मी सगळ्या कढयांना ‘हां’ म्हणत गेले आणि तुळजापूरहून खवा परत आला. पेढेवाल्यानं आबांना फोनवर विचारलं, की घरात कुणी आजारी आहे का. आबांनी फोन ठेवून दिला आणि संध्याकाळी अंगणात बसलेल्या पोरीकडं बराच वेळ बघत राहिले. बाईंकडं वजन करायला गेलो तेव्हा घरातल्या तिघांचं वजन उतरलं होतं. एकाचं वाढलं होतं. बाईंनी माझ्याकडं बघून फक्त चष्मा पुसला.

तपासणीचा दिवस आला. सकाळी धाराशिवला रक्त देऊन आलो. रिपोर्ट दुपारी फोनवर येणार होता. नवरात्राच्या ऑर्डरी डोक्यावर, त्यात लाईट गेलेली, म्हणून कढई फिरवायचं मशीन बंद आणि नवरा लाकडाच्या आचेवर खवा हलवायचं लांब दांड्याचं खुरपं हातानं चालवत होता. मी फोन हातात धरून भट्टीच्या मागच्या खिडकीत उभी, कारण रेंज तेवढीच तिथं येते. आबा माझ्या शेजारी, आपण सहज आलोय असं दाखवत. पोरगी बाहेर अंगणात, कट्ट्यावर पाय हलवत. उंबऱ्याच्या आत यायचं नाही हा शब्द तिनं इतक्या दिवसांत एकदाही मोडला नव्हता.

फोन वाजला. रिपोर्ट आला होता, पण उघडेना. मी बोट लावलं, स्क्रीन फिरत राहिली. नवरा म्हणाला, असं न्हाय, इकडं दे. खुरपं सोडून तोही आला. त्यानं बोट लावलं, फोन बंद पडला. परत चालू केला. आबा विचारत होते, काय म्हणतंय, काय म्हणतंय. आम्ही तिघं एका फोनवर असे वाकलो होतो जसं पाळण्यात बाळ बघतात. ‘‘उघडतंय, उघडतंय,’’ नवरा म्हणत होता.

‘‘लागला,’’ बाहेरून आवाज आला.

आम्हाला वाटलं, तिलाच रिपोर्ट आलाय. मी म्हणाले, थांब गं, उघडतोय.

‘‘आई, खवा लागला!’’

आमच्या कुणाच्याही नाकाला अजून काही कळलं नव्हतं. ती अंगणातून पळत आली आणि उंबऱ्यावर येऊन गच्च थांबली. एक पाय उचललेला. आत कढई, कढईत नवरात्राचा खवा, आणि तिनं आबांकडं बघितलं. मीही बघितलं. फोनमध्ये काय आकडा आहे हे तेव्हा आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

‘‘आता काय मुहूर्त बघतीस का?’’ आबा म्हणाले. ‘‘शिर आत.’’

ती शिरली. लाकडं मागं ओढली, खुरपं उचललं, आणि तळ न खरवडता वरचा खवा भराभर दुसऱ्या कढईत काढायला लागली. नवरा धावला, कढई धरली. तिचे दंड घामानं चमकत होते, केस तोंडावर, आणि ती बापाला सांगत होती, तळाला हात लावू नका, पप्पा, वास चढंल. अर्ध्याच्या वर खवा वाचला. तळाचा काळा थर तिनं आबांना नेऊन दाखवला, जसा एखादा विंचू मारून दाखवतात.

मग मला आठवलं की माझ्या हातात फोन आहे. स्क्रीन उघडलेली होती. मी चष्म्याशिवाय वाचलं, मग चष्मा लावून वाचलं, मग नवऱ्याला दिलं, कारण माझ्यावर माझाच विश्वास नव्हता.

‘‘सहा पॉइंट आठ,’’ तो म्हणाला.

पोरीनं खुरपं खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून हसायला लागली. हसता हसता खाली बसली. आबांनी मला विचारलं, सहा पॉइंट आठ सातच्या वर का खाली. मी म्हणाले, आबा, खाली. त्यांनी कढईला हात जोडले. पोरीसाठी की खव्यासाठी, मी विचारलं नाही.

पुढं डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन हळूहळू कमी करत थांबवलं. गोळ्या चालूच आहेत, किटल्याही चालू आहेत. शुगर गेली असं समजू नका, ताब्यात आलीय, लक्ष हटलं की परत येईल, असं त्यांनी बजावलं. जिच्या भट्टीवर लक्ष हटलं आणि खवा लागला तिला हे वेगळं समजावून सांगायला नको. मानेचा पट्टा फिकट झालाय, पूर्ण गेला नाही. वज्री माझ्या टाचांकडं परत आली.

पण हे सगळं नंतरचं. त्या नवरात्रात, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सकाळी आबा माळ्यावर चढले आणि काहीतरी शोधत बसले. खाली आले ते हातात पितळी पिकदाणी घेऊन. त्यांच्या वडिलांची, पान खायची. त्यांनी ती चिंच लावून स्वतः घासली, तांब्याभर पाण्यानं धुतली आणि भट्टीच्या कोपऱ्यात एका पाटावर ठेवली. ‘‘भुईवर न्हाय थुंकायचं,’’ त्यांनी सांगितलं. ‘‘आन पहिलं बोट देवीला. दुसरं तुजं.’’ एवढंच.

तुळजापूरला जायचा टेम्पो दारात उभा होता. कढई उतरायला आली. आबांनी पहिलं बोट देवीच्या फोटोला लावलं. पोरीनं दुसरं घेतलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. नवरा खुरपं धरून उभा. मी श्वास धरून. मग ती कोपऱ्यात गेली, वाकली आणि थुंकली. आबा त्या वेळी छताकडं बघत होते, जणू तिथं कौलं मोजायचं काम निघालंय. छत जागेवर राहिलं.

‘‘काय?’’ आबांनी विचारलं.

‘‘धुरकटलाय,’’ ती म्हणाली. ‘‘लाकूड ओलं व्हतं. पेढ्याला न्हाय जायचा.’’

ड्रायव्हर म्हणाला, काका, दुकानात गर्दी हाय, मालक वाट बघतायत, जरासं असलं तर चालतंय. आबांनी खवा चाखलासुद्धा नाही. ते म्हणाले, ‘‘पोरगी न्हाय म्हणली. दुसरी चढवा.’’

मी ड्रायव्हरला बसायला पाट दिला आणि घरच्या पद्धतीनं, म्हणजे बिनसाखरेचा, चहा आणून दिला. त्यानं एक घोट घेतला, गिळायचं थांबला आणि कोपऱ्यातल्या पिकदाणीकडं बघायला लागला. पोरगी तोवर कोरडी लाकडं निवडून भट्टीत सारत होती.